कोबीचा हवापालट

माणसानं जेवताना डोळे मिटू नयेत. डोळे मिटले की ताटातलं दिसत नाही आणि समोर बसलेल्यांचे चेहरेही दिसत नाहीत. इटलीतल्या आमच्या पिस्तोया गावच्या भूमापन कचेरीत वरिष्ठ मोजणीदार असलेला लेआंद्रो बेंचिवेन्नी मात्र हिवाळ्यातल्या दर रविवारी आईच्या हातच्या रिबोल्लिताचा पहिला चमचा तोंडात घालून डोळे मिटत असे. टेबलावरचे सगळे गप्प होईपर्यंत तो थांबे आणि मग कोर्टात निकाल वाचावा तशा आवाजात म्हणे, "थंडी खाल्लीय कोबीनं." यावर त्याची थोरली बहीण फोस्का हटकून खोकत असे. तिला हिवाळ्यात खोकल्याचा त्रास आहे, असं लेआंद्रोचं प्रामाणिक मत होतं.

रिबोल्लिताला सूप म्हणायचं ते केवळ सोयीसाठी. पांढरा घेवडा, कांदा, गाजर, सेलरी, बटाटा आणि लांब, सुरकुतलेल्या, काळपट पानांचा काळा कोबी असं सगळं शिळ्या बिनमिठाच्या पावासकट मडक्यात शिजवायचं, एक रात्र तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचं. चमचा त्यात उभा राहिला तर रिबोल्लिता, आडवा पडला तर आजाऱ्याची पेज. काळ्या कोबीचा नियम तर आमच्याकडे पोरांना प्रार्थनेच्या आधी शिकवतात. तो शेतात उभा असताना त्याच्या पानांवर एकदा तरी दंव गोठलं पाहिजे. मग त्याचा कडूपणा जातो, पान गोड आणि मऊ होतं. त्याआधी कोबी तोडणारा माणूस बहुधा मिलानचा असतो.

लेआंद्रोची आई झेलिंदाबाई गेल्या वसंतात वारली. मयतीनंतरच्या जेवणातच फोस्कानं जाहीर केलं की आता रविवार तिच्याकडे, प्रातोला. फोस्काच्या घरी सूप मिक्सरमधून काढतात. भोपळा असो, घेवडा असो, सगळ्यांना एकाच रंगाची सद्गती मिळते. शिवाय तिथे टेबलासमोर टीव्ही असतो आणि मेव्हणे दुइलिओ फुटबॉलमधल्या प्रत्येक चुकीबद्दल जेवणाऱ्यांना जबाबदार धरतात. पण लेआंद्रोचं दुखणं वेगळंच होतं. रविवार या घरातून गेला तर आई दुसऱ्यांदा जाईल, असं त्याला वाटत होतं. हे काही त्याला बोलता येईना. म्हणून तो म्हणाला, "रिबोल्लिता मी करीन."

"तू?" फोस्का म्हणाली. "तुला अंडं उकडायला दिलं तर आधी त्याची हद्द कायम करशील."

"आईचं बघून शिकलोय मी."

"बघून? तुझे डोळे तर मिटलेले असायचे. बरं. नाताळाआधीच्या रविवारी येते जेवायला. आईसारखं झालं, तर रविवार तुझा. नाही झालं, तर जानेवारीपासून सगळ्यांनी प्रातोला यायचं, आणि आईचं मडकंही मी नेणार."

लेआंद्रोची बायको नीव्हेस तेव्हा ताटं उचलत होती. ती म्हणाली, "मी काही बोलत नाही." हे वाक्य तिनं पुढचे कित्येक महिने अक्षरशः पाळलं. नवऱ्यानं त्या गप्प बसण्याला पाठिंबा समजावं, ही लग्नसंस्थेतली जुनीच गफलत आहे.

डिसेंबर आला, पण थंडी आली नाही. चौकातल्या गुलाबांना कळ्या आल्या. माणसं कोट हातात घेऊन फिरू लागली आणि कोट आणला नसता तर बरं झालं असतं, एवढाच विषय सगळीकडे चालला. लेआंद्रो रोज सकाळी खिडकीतला पारा बघायचा आणि कुणीतरी शिवी दिल्यासारखा मागे वळायचा. संध्याकाळी फोस्काचा फोन यायचा. "तिकडे थंडी कशी काय म्हणतेय?" ती इतक्या मायेनं विचारायची, की तिचा भाऊ फोन ठेवून खुर्चीला लाथ मारायचा.

बाजारात त्यानं भाजीवालीला विचारलं, "हा कोबी थंडी खाल्लेला आहे का?"

"शिव्या खातो रोज," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या. घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर बोटं लावू नका."

खालच्या मजल्यावरच्या आर्जियाबाई म्हणजे आमच्या जिन्याचं सर्वोच्च न्यायालय. वय ऐंशीच्या पुढे, झेलिंदाबाईंची जन्माची मैत्रीण. लेआंद्रो साठीला आला तरी त्याला 'बाळ' म्हणायचा हक्क त्यांनी सोडलेला नव्हता.

"तोडलेल्या कोबीला थंडी घालून काय उपयोग, बाळ?" त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला औषध पाजण्यातला प्रकार. कोबी मुळावर उभा हवा."

एवढं सांगून त्या खोकल्या. आपल्या ओळखीच्या बायकांमध्ये खोकल्याचं प्रमाण फार आहे, हे लेआंद्रोच्या लक्षात आलं. त्यातून काय समजायचं ते मात्र त्याच्या लक्षात आलं नाही.

पिस्तोयात रोपवाटिकेत नातेवाईक नसलेला माणूस सापडणं कठीण. लेआंद्रोनं एका मावसभावाकडून कुंड्यांतले आठ काळे कोबी आणले, चांगले गुडघ्याएवढे. त्याच्या बाल्कनीत दिवसभर ऊन, म्हणून ते मागच्या सामायिक अंगणात, उत्तरेच्या भिंतीला ओळीनं मांडले. मोजणीदार तो, दोन कुंड्यांमधलं अंतर टेपनं मोजून घेतलं. दुसऱ्याच दिवशी इमारतीचे कारभारी बेर्तोक्की जिन्यात आडवे आले.

"सामायिक जागेत शेती चाललीय म्हणे?"

"शेती कसली? कुंड्या आहेत."

"जेरेनियम असतं तर कुंड्या. कोबी म्हणजे शेती. सभेपुढे घ्यावं लागेल."

सभा भरली. या इमारतीच्या सभेला कोरमअभावी तहकूब व्हायची सवय आहे. मोडलेल्या कुलपासाठी जमत नाहीत तेवढी माणसं त्या दिवशी कोबीसाठी जमली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वेवाले म्हणाले, याला कोबी लावू देणार असाल तर मी कोंबड्या पाळीन. एकीनं विचारलं, कोबीला गोगलगायी आल्या आणि त्या गोगलगायी जिना चढून वर आल्या तर जबाबदार कोण? गोगलगाय चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत आपण सगळे वारलेले असू, असं लेआंद्रोनं सप्रमाण सांगितलं. त्यावर सभेत वयाचा उल्लेख केल्याबद्दल त्याला माफी मागावी लागली. अखेर बेर्तोक्कींनी तोडगा काढला. शोभेची झाडं ठेवायला नियमांची हरकत नाही. तेव्हा सदर कोबी शोभेचे समजावेत आणि तसे ते दिसावेत.

म्हणून भूमापन कचेरीतल्या वरिष्ठ मोजणीदारानं एका संध्याकाळी अंगणात उकिडवं बसून आठ कोबींना नाताळाच्या लाल फिती बांधल्या. वरून नीव्हेस बघत होती. "गाठ सैल बांध," ती म्हणाली. "गळफास लागेल त्यांना." इतक्या महिन्यांत तिनं केलेली ही पहिली सूचना.

फिती बांधल्या, पण दंव काही गोठलं नाही. नाताळाआधीचा रविवार आठवड्यावर आला. लेआंद्रो जिन्यात बसून राहायला लागला. शेवटी आर्जियाबाईच वैतागल्या. "आमच्या वेळी माणूस खंगला की डोंगरावर हवापालटाला पाठवायचे," त्या म्हणाल्या. "जा, तुझ्या कोबीलाही ने."

हा टोमणा होता, हे पायपुसण्यालासुद्धा कळलं असतं. लेआंद्रोनं त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले.

शुक्रवारी रजा काढून तो निघाला. आठ कोबी छोट्या गाडीत मागे बसवले, पट्टे लावले, फिती तशाच. आर्जियाबाईंनी खिडकीतून मफलर टाकला. तो लेआंद्रोसाठी की कोबीसाठी, हे स्पष्ट झालं नाही. आबेतोनेच्या घाटात एका वळणावर वनखात्याच्या गार्डानं गाडी थांबवली आणि मागच्या सीटवर बराच वेळ नजर ठेवली.

"ही झाडं कुठे चालली?"

"वर."

"झाडांचा पासपोर्ट?"

लेआंद्रोला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याला समजलं की रोपवाटिकेतली रोपं इकडून तिकडे न्यायची तर त्यांच्यासोबत ओळखीचा कागद लागतो. त्याच्या स्वतःच्या पासपोर्टची मुदत संपून जमाना झाला होता आणि कोबींनी तर कधी अर्जच केला नव्हता.

"विकायला नाही नेत," तो म्हणाला. "कुणाला द्यायलाही नाही."

"मग?"

"थंडी खायला." आपला आवाज इतका बारीक निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. "रविवारी रिबोल्लिता आहे. बहीण येणार आहे."

गार्डाचा चेहरा एकदम बदलला. त्यानं टोपी काढली. "आधी सांगायचं नाही का? बहीण कोणती, थोरली की धाकटी?"

"थोरली."

"अरे देवा," म्हणत त्यानं रस्ता मोकळा केला. पण सोडण्याआधी त्यानं आपल्या आईची कृती सांगितली. त्यांच्याकडे बटाटा घालत नाहीत, बटाटा घालणाऱ्यांबद्दल त्याचं मत चांगलं नाही, आणि ओवा-वासाची थाइम घालणारे तर लुच्चेच. लेआंद्रोच्या आईच्या रिबोल्लितात दोन्ही असायचं. त्यानं मान डोलावली आणि मनातल्या मनात आईची क्षमा मागितली. मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि रांगेतल्या एका बाईनं काच खाली करून कांदा कधी घालायचा तेही सांगितलं.

वर एक लहानशी खानावळ होती, राहायची सोय असलेली. मालकिणीनं विचारलं, "कितीजण?"

"मी एकटा. आणि आठ कोबी."

"जनावरं आत चालणार नाहीत," ती म्हणाली. हे उत्तर प्रश्नाला धरून नव्हतं, पण लेआंद्रो वादाच्या पलीकडे गेला होता. त्यानं कुंड्या मागच्या कुंपणाशी ठेवल्या आणि पारा शून्याखाली सरकताना पाहून, कित्येक आठवड्यांत प्रथमच, समाधानानं झोपला.

सकाळी सगळं पांढरं झालं होतं. गवत, कुंपण, गाडीची काच, सगळ्यावर दंव असं गोठलं होतं की बघत राहावं. आठ कुंड्यांत आठ दांडे उभे होते. दांड्यांना फिती होत्या. पानं नव्हती. कुंडीभोवती बारीक खुरांचे ठसे होते आणि एक पान, अर्धं चावलेलं, जमिनीवर पडलं होतं.

"हरणं," मालकीण कॉफी ढवळत म्हणाली. "त्यांनाही थंडी खाल्लेलाच आवडतो. आधी बघतही नाहीत."

लेआंद्रोनं ते अर्धं पान उचललं आणि खाल्लं. गोड होतं.

आठ दांडे घेऊन तो परत आला तेव्हा जिन्यात आर्जियाबाई उभ्या होत्या. त्यांनी दांड्यांकडे पाहिलं, फितींकडे पाहिलं, मग लेआंद्रोच्या तोंडाकडे पाहिलं. हसू त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, ते तिथेच थांबलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "आणि बस. उभ्यानं ऐकायचं नाही हे."

त्यांनी फ्रीजरचा सगळ्यात खालचा कप्पा ओढला. मटारांच्या खालून, माशाच्या मागून, एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत काळा कोबी होता. हातानं तोडलेला, बर्फानं कडक झालेला.

"तुझ्या आईचा," त्या म्हणाल्या. "गेल्या फेब्रुवारीत ठेवून गेली."

लेआंद्रो पिशवीकडे बघत राहिला. भूमापन कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन आणि दोन चार करायला इतका वेळ लागावा, हे काही कचेरीच्या लौकिकाला शोभणारं नव्हतं.

"म्हणजे आई फ्रीजरमध्ये..." तो म्हणाला. "तोडून? मुळावर नसताना?"

"सुरुवातीला खराच असायचा, बाळ. आता कुठे पडते थंडी? कित्येक वर्षं झाली, ती माझ्या फ्रीजरमध्येच पडते. तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवला असता तर तुला दिसला असता."

"आणि तुम्ही मला मुळावर उभा कोबी सांगितलात. डोंगरावर पाठवलंत."

"शपथ घातली होती तिनं. आणि तू खरंच जाशील असं मला काय ठाऊक? शहाण्या माणसानं एवढं ऐकायचं असतं का?"

"पण मला का नाही सांगितलं तिनं?"

आर्जियाबाईंनी पिशवीवरचं बर्फ पदरानं पुसावं तसं एप्रनच्या टोकानं पुसलं. "तू डोळे मिटायचास ना," त्या म्हणाल्या. "ते बघायला तिला आवडायचं. आठवडाभर त्याचीच वाट बघायची."

लेआंद्रोला खूप राग आला होता, पण तो कुणावर काढायचा ते ठरेना, आणि तेवढ्यात त्याला रडू आलं. आर्जियाबाईंनी त्याच्याकडे मफलर परत मागितला. तो त्यानं डोळे पुसायला घेतला होता.

घरी आल्यावर त्यानं नीव्हेसला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? आणि डोंगरावर निघालास तेव्हा सांगणारच होते. पण म्हटलं, एक रात्र घर शांत राहील." तिनं त्याच्या हातातून पिशवी घेतली. "घेवडा भिजत घातलाय मी. चल."

शनिवारी दुपारपासून घरात जे चाललं त्याला स्वयंपाक म्हणायचं की सर्वेक्षण, हा वादाचा मुद्दा आहे. लेआंद्रोनं गाजराचे तुकडे सारखे झाले नाहीत म्हणून दोन गाजरं बाद केली. घेवडा चाळणीतून दाबताना निम्मा भिंतीवर गेला. कांदा कधी घालायचा यावर घाटातल्या त्या बाईचं ऐकावं की आईचं, यात कांदा करपला आणि दुसरा घ्यावा लागला. पण कोबी मात्र त्यानं चिरला नाही. पिशवीतून जसा निघाला तसाच मडक्यात घातला. मग पाव, मग झाकण, मग रात्रभर वाट.

रविवारी फोस्का आली ती मडकं न्यायला रिकामी टोपली घेऊनच. दुइलिओ आत येताच टीव्ही शोधू लागले. आर्जियाबाईंना झेलिंदाबाईंच्या खुर्चीशेजारी बसवलं. त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. मडकं पुन्हा उकळून टेबलावर आलं, वर नवं कच्चं ऑलिव्ह तेल फिरलं, चमचा उभा राहिला. लेआंद्रोनं पहिला चमचा घेतला, पण आज त्यानं डोळे मिटले नाहीत. तो बहिणीकडे बघत होता.

फोस्कानं खाल्लं. चावता चावता ती थांबली आणि तोंडातून कोबीचा एक जाड देठ काढून ताटाच्या काठावर ठेवला. अगदी जन्मभर ठेवत आली तसा. आई देठ काढायची नाही. फोस्का त्यावरून आईशी भांडायची, देठ काठावर मांडायची, आई तो उचलून स्वतःच्या तोंडात टाकायची. यावरून या टेबलावर जितकी भांडणं झाली तितकी वाटणीवरून झाली नव्हती.

तिनं दुसरा चमचा घेतला. दुसरा देठ पहिल्याशेजारी ठेवला. या वेळी ती खोकली नाही.

"आर्जियाबाई," ती म्हणाली, "पिशव्या किती उरल्यात?"

लेआंद्रोच्या हातातला चमचा तसाच राहिला. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. दुइलिओंनी मान खाली घातली, म्हणजे त्यांनाही. या अख्ख्या घरात, जिन्यात, बहुधा पिस्तोयात, झेलिंदाबाईंच्या थंडीवर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि तो कोबीला फिती बांधून डोंगरावर घेऊन गेला होता.

"हीच शेवटची," आर्जियाबाई म्हणाल्या.

दुइलिओंनी मडक्यातला डाव उचलला. फोस्कानं त्यांच्या हातावर चापट मारली.

"पुरे," ती म्हणाली. "उरलेलं ठेवायचं. उद्या पुन्हा उकळायचं."

"उद्या सोमवार आहे," लेआंद्रो म्हणाला.

"मला वार कळतात. मी येईन." तिनं काठावरचे दोन्ही देठ उचलले, जरा वेळ हातात धरले आणि तोंडात टाकले. चावताना तिचे डोळे मिटले.

जाताना तिनं टोपली नेली, रिकामीच. जिन्यातून ओरडून सांगितलं, "रविवार ठेव तुझ्याकडे. मडकंही."

लेआंद्रोनं रविवार जिंकला. सोमवारी फोस्का शिळा पाव घेऊन आली. मडक्यात थोडं पाणी, थोडा पाव, पुन्हा उकळी, प्रत्येकाला दोन-दोन चमचे, बाकीचं झाकून ठेवायचं. मंगळवारी ती पुन्हा आली. बुधवारी दुइलिओंनी प्रातोहून फोन करून विचारलं की घरी जेवायला काय आहे. मडकं आता जवळजवळ रिकामं झालंय, पण तळाशी उरलेलं डावभर खरवडायचं कुणी, यावर बहीणभावाचं एकमत होत नाही. म्हणून ते पुन्हा पाणी घालतात आणि पुन्हा उकळतात. फोस्का कोटसुद्धा आता आमच्या जिन्याच्या खुंटीलाच टांगून जाते.

"एक रविवार वाचवायला निघाला होता," नीव्हेस परवा आर्जियाबाईंना सांगत होती. "सगळा आठवडा घरी घेऊन आला. पण मी काही बोलत नाही."